वायफाय गेलं? लगेच फॉरमॅट मारू नका!

सबमिशनच्या आदल्या रात्री उबुंटूने अपडेट मागितलं, तुम्ही ‘हो’ म्हणालात. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि वायफायचं चिन्हच गायब! अशा वेळी हॉस्टेलवर एक सल्ला हमखास मिळतो, ‘सोड रे, फॉरमॅट मार.’ मित्रांनो, हा सल्ला एका कानाने ऐका आणि दुसऱ्याने सोडून द्या.

नेटवर्क कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बदललेला असतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कर्नल आणि कार्ड यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. मात्र ब्रॉडकॉम, रिअलटेकच्या काही कार्डांचे ड्रायव्हर वेगळे टाकावे लागतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते नव्याने कंपाइल व्हावे लागतात. हे काम डीकेएमएस आपोआप करतं. पण त्या कर्नलच्या हेडर फाइल्स नसल्या किंवा ड्रायव्हरचा कोड जुना असला, की गाडी अडते.

मग करायचं काय? आधी सबमिशन वाचवा. लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. वायफाय परत आलं, तर दोष कुठे आहे तेही कळलं. नाहीच आलं, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी निवांत करा. नव्या कर्नलमध्ये जाऊन ‘युनेम -आर’ने त्याचा नंबर बघा, ‘एलएसपीसीआय’ने कार्डाचं नाव काढा, ‘डीकेएमएस स्टेटस’ने ड्रायव्हर तयार झालाय का ते तपासा. ‘डीमेसेज’मध्ये कर्नलची तक्रार वाचायला मिळते. बऱ्याचदा हेडर्स टाकून ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल केला की काम होतं. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेतच नाही, हेही लक्षात ठेवा.

कार्ड आणि ड्रायव्हर ही जोडी आपल्या पुण्याला नवी नाही. इथल्या सी-डॅकने २००८ मध्ये ‘परम युवा’ महासंगणक उभारला, तेव्हा त्यातली यंत्रं जोडायला ‘परमनेट-३’ हे स्वतःचं नेटवर्क वापरलं. नेटवर्कचं हार्डवेअर स्वतः बनवलं, की त्याला बोलतं करणारं सॉफ्टवेअरही बनवावं लागतंच.

आपण मात्र ‘डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे काय’ याचं उत्तर मार्कांपुरतं लिहितो आणि विसरतो. लॅबमधल्या मशीन आधीच जुळवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे बिघाड शोधायची वेळच येत नाही. कॉलेजांनी एखाद्या प्रॅक्टिकलला मुद्दाम ड्रायव्हर मोडलेलं मशीन समोर ठेवावं आणि कारण शोधायला सांगावं. नोकरीत पहिल्याच महिन्यात असंच काम अंगावर पडू शकतं, आणि कंपनीच्या सर्व्हरला कुणी फॉरमॅट मारू देत नाही!

तसंही, फॉरमॅट मारून नवं उबुंटू टाकलंत तरी कार्ड तेच राहणार आणि पुढचं अपडेटही येणारच. तेव्हा पुन्हा एक रात्र घालवायची, की आत्ताच तासभर बसून कर्नल काय सांगतोय ते वाचायचं? ठरवा तुम्हीच.