नळी पिवळी राहिली म्हणून…

यंत्र म्हटले की आपल्यापुढे चाके, तारा आणि वीज उभी राहते. परंतु एक काचेची नळी आणि एक फुगा एवढ्यावरही माणसाच्या पोटातले मद्य ओळखता येते. एकदा वापरून टाकून द्यावयाच्या या नळीचे शास्त्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजावे इतके सोपे आहे.

पोटातले मद्य रक्तात मिसळते. रक्त फुप्फुसांतून फिरताना त्याचा थोडा अंश श्वासात उतरतो. ठराविक मापाचा फुगा फुंकून भरायचा आणि ती हवा नळीतून जाऊ द्यायची. नळीतल्या कणांवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल असते. त्यांच्या संगतीत मद्याचे ॲसेटिक आम्ल होते आणि पिवळे कण हिरवे पडतात. हिरवा रंग रेघेपर्यंत पोचला, की गाडीला हात लावू नये.

पण मित्रहो, ही रेघ निसर्गाने आखली आहे काय? १०० मिलिलिटर रक्तामागे ब्रिटनने १९६७ साली ८० मिलिग्रॅम मद्याची मर्यादा घातली. फ्रान्समध्ये सर्वसाधारण चालकाला ती ५० आहे, तर आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ३०. म्हणजे फ्रान्सच्या मापाची नळी ज्याला निर्दोष म्हणेल, तो आपल्याकडे गुन्हेगार ठरू शकेल!

शिवाय शेवटच्या घोटानंतरही रक्तातले मद्य काही काळ वाढतच राहते. निघताना पिवळी राहिलेली नळी वाटेत हिरवी झाली असती, हे कोण सांगणार?

फ्रान्सने १ जुलै २०१२ पासून प्रत्येक मोटारचालकाला असे साधन जवळ बाळगण्याची सक्ती केली. न बाळगणाऱ्याला दंड मात्र कधीच लागू झाला नाही आणि २०२० साली ती सक्तीही उठली. साधन खिशात असले म्हणून विवेक डोक्यात येतो असे नाही.

माझे मत असे की, नळीने ‘नाही’ म्हटले तर निमूटपणे ऐकावे. ‘जा’ म्हणण्याचा अधिकार मात्र तिला देऊ नये. शेवटची एस.टी. चुकली की आम्ही खेड्यांतली मुले कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घर गाठतो. पुढच्याने किती घेतली आहे हे मागच्याला ठाऊक नसते. त्याच्या जिवाची रेघ कोणत्याही नळीवर आखलेली नाही. म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने त्या दिवशी प्यालाच हाती घेऊ नये.