उपास नको, उपहासही नको

दिवाळीच्या अंकात खाण्याविरुद्ध लिहिणाऱ्याला वाचक क्षमा करणार नाहीत. आणि करूही नये. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो, की माझे भांडण चकलीशी नाही आणि अनारशाशी तर नाहीच नाही. माझे भांडण आहे ते आपल्या घराघरांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'खादाड' या शब्दाशी.

परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलगी मध्यरात्री शेवेचा डबा संपवते. नोकरी गेलेला कर्ता पुरुष भरल्या पोटी पुन्हा फडताळ उघडतो. आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेली सून ओट्याशी उभ्याउभ्याच उरलेसुरले पोटात ढकलते. या तिघांनाही आपण त्या एका शब्दात निकालात काढतो आणि वर हसतो. जिभेचे चोचले, मनोनिग्रहाचा अभाव, अशी निदानेही करून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की हे निदान साफ चुकीचे आहे, आणि त्यावरचा आपला इलाज तर दुखण्याहून वाईट आहे.

अंगावर बैल धावून आला तर कोणाला भूक लागत नाही. पण काळजी महिनोन् महिने मनात घर करून राहिली, की शरीरात कॉर्टिसोल नावाचा स्राव वाढतो आणि पुष्कळांची भूक चाळवते. तीही भाजीभाकरीची नव्हे. गोडाची नि तळलेल्याची. अशा खाण्याने घटकाभर का होईना, जिवाला बरे वाटते. काहींची भूक याउलट मरते; त्यांना आपण 'बिचारा' म्हणतो. काळजी तीच, पण एकाला सहानुभूती आणि दुसऱ्याला टोमणा! हा कुठला न्याय?

आता आपले इलाज पाहा. डबा कुलपात ठेवा, उद्यापासून एकच वेळ जेवा! अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली डॉ. अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. हे तरुण स्वखुशीने आलेले आणि शरीरामनाने निकोप म्हणून पारखून घेतलेले होते. पुढे अन्न मोकळे होताच त्यांतील कित्येक जण पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ लागले, तरी त्यांची तृप्ती होईना. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली म्हण थट्टेची खरी, पण त्या थट्टेत केवढे शरीरशास्त्र आहे! उपासाने भूक चेतते, उपहासाने काळजी वाढते, आणि दोन्ही मिळून माणसाला पुन्हा त्याच डब्याकडे नेतात. फरक इतकाच, की आता तो चोरून खातो.

'मग काय वाटेल तितके खावे?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आपण त्यातला पहिला अर्धाच पाठ करतो. वेळच्या वेळी, चारचौघांत बसून पोटभर जेवावे. अवेळी हात डब्याकडे गेला, तर पोट मागते की मन, एवढे स्वतःला विचारावे. पोटाची भूक हळूहळू येते आणि पोळीभाजीवरही भागते. मनाची भूक एकाएकी येते आणि चिवडाच मागते. अशा वेळी फेरी मारावी, कोणाशी बोलावे. तरीही खाल्लेच, तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपास करू नये.

खाणे हाताबाहेर जाते, आठवड्यातून एकदा तरी असे घडते आणि तीन महिने हेच चालते, तर ते दुखणे समजावे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली आहे. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाण्यात लाज कसली? २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कोणी उतरल्या चेहऱ्याने तिसरा लाडू उचलला, तर कृपा करून मोजू नका. शेजारी बसा, एक लाडू आपणही घ्या, आणि हळूच विचारा, "काय झालंय रे?" उत्तर मिळायला वेळ लागेल. तोवर उठू नका.