छप्पन्नाव्या मिनिटानंतर



संपादकीयात हॉकी कशाला, हा प्रश्न अंकाच्या बैठकीतच निघाला. पोटगी, रेशन, दारू, हुंडा हे सगळे विषय संपले का, असं आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारलं. तिचं म्हणणं रास्तच होतं. तरीही मी हट्ट धरला. कारण मिरजेतल्या आमच्या किशोरी गटातल्या एका मुलीनं मला विचारलेल्या प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नव्हतं, आणि ते उत्तर शोधणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे असं मला वाटतं.

दिवस २६ जानेवारी २०२५ चा. रांचीच्या मैदानावर महिलांच्या पहिल्याच हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना चालू होता, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा हॉकी क्लब. आमच्या केंद्राच्या खोलीत एका मोबाइलभोवती दहाबारा मुली डोकी लावून बसल्या होत्या. विसाव्या मिनिटाला ओडिशाचा गोल झाला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला सूरमाच्या पेनी स्क्विब या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं बरोबरी केली. मग बराच वेळ काहीच होईना. साठ मिनिटांच्या खेळातलं छप्पन्नावं मिनिट आलं आणि ओडिशानं पुन्हा गोल केला. २-१. दोन्ही गोल एकाच मुलीचे. ऋतुजा दादासो पिसाळ, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली.

'दादासो' हे नाव ऐकल्यावर मुलींनी जो गलका केला तो मी विसरणार नाही. दादासो, आबासो, बाळासो ही 'सो' लावलेली नावं आपल्याच भागातली. कुणाचा चुलता दादासो, कुणाचा शेजारी आबासो. त्या नावाची मुलगी रांचीत अख्खी लीग जिंकून देते, यानं त्या मुलींना एकदम जवळचं काहीतरी घडल्यासारखं वाटलं. गलका ओसरल्यावर दहावीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, आता तिचं फुडं काय?"

ही मुलगी आठवीपर्यंत शाळेत हॉकी खेळत होती. नववीत घरच्यांनी बंद केलं. ज्या आठवड्यात हा सामना झाला, त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते. त्यामुळे प्रश्न ऋतुजाचा होता, तसा तो तिचा स्वतःचाही होता, हे माझ्या लक्षात आलं. मी "खूप मोठी होईल बघ" असं काहीतरी बोलले. ते उत्तर नव्हतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हांला केस लिहायला शिकवत, तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. व्यक्तीची नोंद करताना तिच्या भोवतालची नोंद केली नाही, तर ती केस अर्धीच राहते. वर्तमानपत्रांतून खेळाडूचं मूल्यमापन होतं ते असंच अर्धं असतं. म्हणून आधी खेळ पाहू, मग भोवताल.

ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की गोलसमोर अर्धगोलासारखी एक रेषा आखलेली असते, तिला सगळे 'डी' म्हणतात. या डीच्या बाहेरून मारलेला चेंडू थेट गोलात गेला, तरी तो गोल धरत नाहीत. आघाडीच्या खेळाडूचं काम म्हणजे चेंडू येण्याआधी डीमध्ये योग्य जागी पोचणं, आणि बचाव करणाऱ्या दोघीतिघी अंगावर येत असताना एका क्षणात तो आत ढकलणं. ऋतुजाची ताकद नेमकी इथे दिसते. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीचा, म्हणजे 'हॉकी फाइव्हज'चा पहिला महिला विश्वचषक झाला. त्यात भारतानं रौप्यपदक मिळवलं. नेदरलँड्सविरुद्धचा अंतिम सामना आपण ७-२ असा हरलो, पण त्या दोन गोलांतला एक ऋतुजाचा होता. लहान मैदान, पेनल्टी कॉर्नर नाही, श्वास घ्यायला उसंत नाही, अशा खेळात तिची नजर तयार झाली. त्याच संघात फलटण तालुक्यातल्या वाखरीची अक्षता आबासो ढेकळेही होती.

अकरा जणींच्या मोठ्या मैदानावर मात्र एवढं पुरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या हांगझोला आशिया चषक झाला. थायलंडला आपण ११-० हरवलं, सिंगापूरला १२-०. या दोन्ही सामन्यांत ऋतुजानं गोल केले. पण दुबळ्या संघांविरुद्धच्या गोलांवरून कुणाचा अंदाज बांधू नये. कोरियाविरुद्धचा सामना अटीतटीचा झाला. तो आपण ४-२ असा जिंकला. त्यातला पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी विठ्ठल फाळके हिनं केला, ती फलटण तालुक्यातल्या आसूची. शेवटचा गोल एकोणसाठाव्या मिनिटाला ऋतुजानं केला. एका आंतरराष्ट्रीय सामन्यातला आपला पहिला आणि शेवटचा गोल सातारा जिल्ह्यातल्या दोन मुलींचा, याची आपल्या भागात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. अंतिम सामन्यात मात्र चीननं आपल्याला ४-१ असं हरवलं. आपला एकमेव गोल नवनीत कौरचा. म्हणजे ऋतुजापुढची पायरी स्पष्ट आहे. चीन, नेदरलँड्स यांच्यासारख्या संघांच्या भक्कम बचावापुढे तिला गोल करता यायला हवेत, आणि आघाडीवर राहून समोरच्यांचा चेंडू अडवण्याचं, परत धावून येण्याचं कष्टाचं कामही अंगवळणी पडायला हवं.

संघालाही तिची गरज आहे. राणी रामपाल ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त झाली. वंदना कटारिया एप्रिल २०२५ मध्ये. वंदनाच्या नावावर ३२० सामने आणि १५८ गोल आहेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली संघ चौथा आला, त्यात या दोघी होत्या. पॅरिस ऑलिम्पिकला आपण पात्रच ठरलो नाही, आणि २०२५ मध्ये प्रो लीगमधूनही खाली घसरलो. अशा वेळी शेवटच्या चार मिनिटांत डोकं शांत ठेवून गोल मारणारी मुलगी मिळणं ही मोठी गोष्ट आहे. डीमध्ये गोल पूर्ण करणारी खेळाडू ही तिची पुढची जागा असावी, असं मला वाटतं. पण वंदनाला तिथवर पोचायला दीड दशक खेळावं लागलं. ऋतुजाला तेवढी वर्षं कोण देणार? हा प्रश्न आला, की आपण खेळातून भोवतालात येतो.

आधी पैसा. या पहिल्या लीगमध्ये पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडू विकत घ्यायला ४ कोटी रुपये होते, बायकांच्या संघाला २ कोटी. विजेत्या पुरुष संघाचं बक्षीस ३ कोटी, बायकांचं दीड कोटी. पुरुषांमधली सर्वांत मोठी बोली हरमनप्रीत सिंगची ७८ लाखांची, बायकांमधली उदिताची ३२ लाखांची. बायकांची सगळी स्पर्धा १२ ते २६ जानेवारी अशी पंधरा दिवसांत उरकली. चेंडू तोच, मैदान तेवढंच, साठ मिनिटंही तेवढीच. लीग सुरू झाली ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिला नाक मुरडत नाही. पण सुरुवातीलाच निम्म्यानं सुरुवात झाली, हे लिहून ठेवलं पाहिजे. शेतमजुरीत आपल्याला हे जुनंच ठाऊक आहे. खुरपणाऱ्या बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा असतो, आणि कारण विचारलं तर "पहिल्यापासून तसंच हाय" एवढंच सांगतात. इथे तर पहिल्यापासून म्हणायलाही जागा नव्हती.

हे बदलता येतं, याचं उदाहरण आपल्या सांगलीतच आहे. स्मृती मानधना सांगलीत वाढली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळानं बायकांचं आणि पुरुषांचं सामन्याचं मानधन सारखं केलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. मानधन सारखं केलं म्हणून चषक आला, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. पण पोरींच्या क्रिकेटला कोण विचारतो म्हणणारे किती चुकीचे होते, ते सगळ्यांनी पाहिलं.

पैशांच्या पाठोपाठ नोकरी. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये बायकांच्या हॉकीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाची कर्णधार एलायझा नेल्सन पुण्याची होती. ती रेल्वेत नोकरीला होती. त्या काळापासून हॉकी खेळणाऱ्या असंख्य मुलींचा संसार रेल्वेनं चालवला आहे. मिरज तर रेल्वेचंच गाव. आमच्या गटातल्या अर्ध्या मुलींच्या घरी नाहीतर शेजारी कुणीतरी रेल्वेत आहे, पण स्टिक हातात घेऊनही रेल्वेत जाता येतं, हे त्यांच्या घरच्यांना कुणी सांगितलेलं नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हेही नाही.

आणि शेवटी घर. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. त्यानंतर आपण काढलेला मोर्चा अनेकींना आठवत असेल. त्या म्हैसाळच्या परिसरात वाढलेल्या मुली आता किशोरी गटात येतात. जन्माला येऊ दिलं, एवढ्यावर त्यांनी समाधान मानावं अशी अपेक्षा असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. खेळाडू घडते ती वर्षं नेमकी हीच. चौदा ते अठरा. मैदान बंद होतं, ते बहुतेक वेळा पाळी सुरू झाल्यावर, किंवा कुणीतरी "अर्धी चड्डी घालून पळती" असं म्हटल्यावर. ऋतुजा, वैष्णवी, अक्षता इथवर आल्या, यात त्यांच्या पायांतली आणि मनगटातली ताकद आहेच. पण कुठल्या तरी आईबापानं, कुठल्या तरी गुरुजींनी त्या चार वर्षांत त्यांना थांबवलं नाही, हेही त्यात आहे.

म्हणून त्या दहावीतल्या मुलीच्या घरी मी गेले. कायदा सांगितला. अठराच्या आत लग्न केलं तर गुन्हा आहे, हेही सांगितलं. वडील ऐकून घेत होते. मग ते म्हणाले, "ताई, कायदा आमाला म्हाईत हाय. पर खेळून पोट भरतंय का, ते सांगा." मी ऋतुजाचं नाव घेतलं. ते म्हणाले, "ती एक झाली. बाकीच्यांचं काय?" तिची आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एवढंच बोलली, "दहावी तर होऊ दे." तेवढ्यावर त्या दिवशी विषय थांबला. लग्न पुढे ढकललं गेलं. ते टळलं, असं मी म्हणत नाही.

त्या बापाचा प्रश्न वाईट नव्हता. त्याच्याशी मी रागानं बोलले असते, तर माझीच चूक झाली असती. एक मुलगी चमकली म्हणून गरीब माणूस आपली मुलगी पणाला लावत नाही. त्याला दिसावं लागतं, की आंतरराष्ट्रीय संघात न पोचलेल्या मुलीलाही या वाटेवर नोकरी आहे, शिष्यवृत्ती आहे, तालुक्याच्या ठिकाणी मैदान आहे, आणि त्या मैदानावर बाईच्या जातीला संध्याकाळी सुरक्षित जाता-येता येतं. हे दिसत नाही, तोवर ऋतुजाचं कौतुक हे त्याच्यासाठी टीव्हीवरच्या कौतुकासारखंच राहणार.

तेव्हा मागण्या अशा मांडाव्यात. पुरुषांच्या आणि बायकांच्या लीगमध्ये संघांचा पैसा आणि बक्षीस सारखं करा, आणि बायकांची स्पर्धा पंधरा दिवसांत गुंडाळू नका. सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी ठरलेल्या वेळेचं मैदान, बाई प्रशिक्षक आणि कपडे बदलायला बंद खोली द्या. खेळाडूंच्या आरक्षणातून किती मुलींना नोकऱ्या मिळाल्या, याचा आकडा जिल्ह्यानं दरवर्षी जाहीर करावा. आणि आपण? सत्काराला हार घेऊन जाण्याआधी आपापल्या गल्लीत आठवीत खेळ सोडलेल्या मुली मोजूया. त्यांच्या घरी जाऊया. त्या बापाचा प्रश्न ऐकून घेऊया.

ऋतुजानं तिचं काम छप्पन्नाव्या मिनिटाला केलं. तिला पुढची वर्षं मिळतात का, हे तिच्या स्टिकवर जितकं अवलंबून आहे, तितकंच आपल्यावर. तुमच्या गावात खेळणाऱ्या, आणि खेळ सुटलेल्या मुलींबद्दल आम्हांला जरूर लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. आमच्या गटातली ती मुलगी बारावीला बसावी, एवढी आशा आहे. स्टिक अजून तिच्या घरी माळ्यावर आहे, असं तिनंच मला सांगितलं.