अंगणाखालचे पाणी

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले मंदिरांचे नगर. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावात लक्षावधी भाविक स्नान करतात; मागील पर्व २०१६ साली झाले. तंजावरच्या भोसले राजांमुळे हा प्रदेश मराठी माणसालाही परका नाही. परंतु तीर्थक्षेत्र म्हणून गाजलेले हे नगर दीर्घकाळ हत्तीरोगासाठीही ओळखले जाई. या रोगाचा वाहक असलेला क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. उघडी गटारे, तुंबलेले शोषखड्डे आणि फुटक्या झाकणांच्या सेप्टिक टाक्या ही त्याची जन्मस्थाने होत.

सेप्टिक टाकीत मैला नाहीसा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. जड भाग तळाशी बसतो, त्याचे काही अंशी विघटन होते आणि वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर टाकी नावापुरतीच उरते आणि मैला पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. नदीकाठी जेथे भूजल उथळ असते, तेथे तो शेजाऱ्याच्या विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच ‘टाकी माझी, तिची उठाठेव नगरपालिकेने का करावी?’ हा युक्तिवाद टिकत नाही. अंगण एकाचे असले, तरी अंगणाखालचे पाणी सर्वांचे असते.

तमिळनाडू शासनाने २०१४ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, हे योग्यच झाले. मात्र नुसत्या नियमाने काय साधणार? भरलेला टँकर रिकामा करण्यास जागाच नसेल, तर तो रात्री ओढ्याकाठी उभा राहणार. महाराष्ट्रात कृष्णाकाठच्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरने अधिक शहाणपणाची वाट धरली. घरमालकाच्या तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा पाळीपाळीने प्रत्येक टाकी उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी योजना तेथे आखली गेली. खर्च कराच्या रूपाने वाटला गेल्याने गरिबावर एकाएकी भार पडत नाही.

या चर्चेत टाकीत उतरणारा माणूस मात्र सहसा विसरला जातो. साधनांविना त्याला आत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. वेळेवर उपसलेल्या टाकीचे काम यंत्राच्या नळीने भागते. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या टाकीचा गाळ घट्ट होतो, नळीला दाद देत नाही, आणि मग उतरणाऱ्या माणसाचा शोध सुरू होतो.