सही करण्याआधी पेटी उघडा



‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. रात्रीच्या लाईनवर सापाविंचवात बॅटरी घेऊन फिरणाऱ्या मोर्शी तालुक्यातल्या माणसाला दिवसाचे ओलीत मिळत असेल तर नको कोण म्हणेल? बोंडे भरताना एक पाणी मिळाले तरी कोरडवाहू कपाशी सावरते. पण ‘अनुदानाचे आहे, मुकाट घ्या’ हे आम्हाला मान्य नाही. पैसा दहा टक्के आपला असेल. पेटीला हात लावणारा जीव पुरता आपलाच आहे.

प्लेटा एकीला एक सिरीजमध्ये जोडल्या की व्होल्ट वाढत जातात, अँपिअर तेवढेच राहतात. ४५ व्होल्टच्या १० प्लेटांची माळ म्हणजे ४५० व्होल्ट. पौषातल्या गार सकाळी त्यात आणखी पाचेक टक्के भर पडते, कारण प्लेट थंड असली की व्होल्ट चढतात. घरातल्या २३० च्या दुप्पट, आणि तेही डीसी! एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून खटका पाडल्यावर आतली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगीचा जाळ होतो आणि तो तग धरतो. स्वस्त पडतो म्हणून घरातला एसीचा एमसीबी या पेटीत बसवणे म्हणजे आगच बसवणे. एमसीबीवर ‘डीसी’ छापलेले हवे आणि त्याचे व्होल्ट माळेच्या थंडीतल्या व्होल्टपेक्षा जास्त हवेत. काहींवर अधिक-उणेच्या खुणा असतात. तिथे वायर उलटी लागली तर चांगला एमसीबीही निकामी.

फ्यूजचे वेगळे. तीन किंवा जास्त माळा समांतर जोडल्या असतील तर प्रत्येक माळेला फ्यूज हवा, कारण एकीत बिघाड झाला की बाकीच्यांचा प्रवाह तिच्यात शिरतो. एकच माळ असेल तर फ्यूजसाठी भांडू नका. शॉर्टसर्किट प्रवाह ९ अँपिअर असेल तर साधारण दीडपट, म्हणजे १५ चा फ्यूज. मात्र प्लेटच्या पाठीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर नाही. आणि जळालेल्या फ्यूजला तांब्याची तार गुंडाळायची आपली जुनी सवय इथे सोडा.

खटका पाडला तरी उन्हात प्लेटांकडची वायर जिवंतच असते. चालू पंपावर प्लग ओढू नका.

आमची मागणी साधी आहे: काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागण्याआधी पेटी उघडून दाखवा, जोडणीचा नकाशा मराठीत द्या. पाच वर्षांची दुरुस्ती योजनेतच आहे, तो उपकार नव्हे. ज्यांच्याकडे पंप लागले त्यांनी प्लेटच्या पाठीवरचे आणि एमसीबीवरचे आकडे उतरवून मोर्शीच्या बैठकीला आणावेत. तिथे एकेकाचे ताडून पाहू आणि चुकीचे निघतील त्यांचे अर्ज तिथेच लिहू.