आधी नावानं हाक मारा

आमच्या बीड जिल्ह्यात अधू पायाच्या मुलीला गल्ली सहज ‘लंगडी’ म्हणते. सतत तेच कानावर पडलं की तीही स्वतःला तेवढीच समजू लागते. घरात लग्नकार्य निघालं, की ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आईच तिला आतल्या खोलीत बसवते.

नसीमा हुरजूक यांचे पाय सोळाव्या वर्षी लुळे पडले. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी त्यांना उभारी दिली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ उभी केली. उभारी देणारं माणूस आपल्या गल्लीत कोण?

अपंगाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण घरातल्या बोलण्याला कायदा कुठवर पुरणार? मैत्रिणींनो, पुढच्या हळदी-कुंकवाला तिला नावानं बोलवा.