पोटातला टॉवेल आणि आपल्या हातातला कागद

शस्त्रक्रिया बिघडली की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी ऐकू येतात. 'नशिबात होतं', नाहीतर 'फोडा दवाखाना'. पहिलीमुळे चूक करणारा सुटतो. दुसरीमुळे आपलीच पोरं अडकतात, कारण महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने दवाखान्यातील तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे. दोन्हींत पेशंटच्या पदरात काही पडत नाही. तिसरी वाट कायद्याची आहे आणि ती आपण धरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात जुलै 1963 मध्ये एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आला, दुखणे वाढले. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. काही दिवसांतच ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. अखेर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सांगितले की पोटात टॉवेल राहणे हाच निष्काळजीपणा आहे आणि सरकारी दवाखान्यातील चुकीची भरपाई सरकारने द्यावी. न्याय मिळाला, पण 33 वर्षांनी.

दुसरे प्रकरण गोव्यातील एका परिचारिकेचे. 1993 मध्ये मुंबईत तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखतच राहिले. 2002 मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत गॉज सापडले. तरीही 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतीबाहेरची ठरवली. दुखणे सुरू असताना इतकी वर्षे ती त्या डॉक्टरांकडे परत का गेली नाही, हा प्रश्न तिच्या विरोधात गेला. दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्या आयाबहिणींना आहेच. ती प्रकृतीला घातक असते, तशी हक्कालाही.

म्हणून काही गोष्टी पाठ असाव्यात. 1995 च्या निकालापासून पैसे घेणारा खाजगी दवाखाना ग्राहक कायद्याखाली येतो. इतरांकडून पैसे घेणाऱ्या दवाखान्यात आपल्यावर मोफत उपचार झाले, तरी आपण ग्राहकच. सगळ्यांना मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना या कायद्यात बसत नाही, पण तिथे दिवाणी दावा करता येतो. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सायखेड्याच्या माणसाला नाशिक पुरे. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सगळ्यात मोठे हत्यार केसपेपर. ॲडमिट असताना झालेल्या उपचारांची कागदपत्रे लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा 2002 पासूनचा नियम आहे. अर्जाची पोच घ्या. आणि ऑपरेशनआधी अंगठा किंवा सही करताना विचारा: काय काढणार, का काढणार, दुसरा उपाय आहे का? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायची संमती नव्हे. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. ज्या बाईला खाडा परवडत नाही, तिला 'पिशवी काढून टाका' हा सल्ला किती सहज दिला जातो, हे तेव्हा राज्याने पाहिले.

डॉक्टर म्हणजे शत्रू नव्हेत. चांगले हात असूनही पेशंट दगावतो. प्रत्येक वाईट परिणाम हा निष्काळजीपणा नसतो, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो, असे 2005 चा निकाल सांगतो. म्हणूनच आधी कागद दुसऱ्या जाणत्या डॉक्टरला दाखवावेत, मग ठरवावे.

'वकील कुठून आणायचा?' हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही तो हक्क आहे. अर्ज नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. तरीही हा हक्क आपण किती वापरतो?

माझे म्हणणे एवढेच की विहारात महिन्यातून एक बैठक केसपेपर वाचण्यासाठी व्हावी. शिकलेल्या मुलामुलींनी म्हाताऱ्यांचे कागद क्रमाने लावून द्यावेत, तारखा वहीत लिहाव्यात, अर्ज लिहून द्यावेत. डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाजवळ जपून ठेवावे. हक्क राज्यघटनेने दिले, निकालांनी ते पक्के केले. आता गरज आहे ती वेळेत अर्ज करणाऱ्या हातांची.